विचारा की! – बाटलीतला कण नेमका केवढा?

मागच्या अंकात लिहिता लिहिता एक वाक्य माझ्या हातून निसटलं. पाण्यात विरघळलेल्या पॉलिमरची, म्हणजे सारख्या कड्या जोडून झालेल्या लांब रेणूची, साखळी किती लांब आहे ते शाहूपुरीतल्या माझ्या माडीवर काचेची एक नळी आणि स्टॉपवॉच घेऊन सांगता येतं, असं मी म्हणून गेलो. संपादकांनी ते तसंच छापलं. आता दोघा वाचकांनी खरोखरच नमुने धाडलेत. त्यातला एक शाम्पूच्या बाटलीत आलाय, आणि बाटली धुतलेली नाही. त्या गृहस्थांना वेगळं कळवलंय की मी मोजलं तरी ते शाम्पूचंच माप होईल.

चौतीस वर्षं मी रसायनाच्या प्रयोगशाळेत काढली. उपकरणांची देखभाल, नमुने, रिपोर्ट आणि रिपोर्टवरून होणारी भांडणं हेच काम. त्यामुळं ह्या वेळची पाचही पत्रं माझ्या घरचीच वाटली.

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. भाग दोनला आहे. प्रोजेक्टसाठी चांदीचे नॅनोकण केलेत, वर पीव्हीपी ह्या पॉलिमरचं आवरण आहे. टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत सरासरी व्यास २२ नॅनोमीटर आला आणि डीएलएसच्या (लेसरनं कणांचा आकार काढणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टात ८४. पीडीआय, म्हणजे कण आकारानं किती कमी-जास्त आहेत तो आकडा, ०.३८. गाइड म्हणतात, एक काहीतरी चुकलंय, कुठलं ते शोध आणि मगच लिही. सबमिशन तोंडावर आलंय. कुठला आकडा खरा धरू?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : आधी चहा घे बाळ. तुझ्या दोन्ही आकड्यांत भांडण नाहीच, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

टीईएमसाठी तू काय केलंस ते आठव. जाळीवर थेंब टाकला, तो वाळवला आणि निर्वातात नेऊन त्यातून इलेक्ट्रॉन सोडले. चांदी जड, ती इलेक्ट्रॉन अडवते आणि काळी दिसते. पीव्हीपी म्हणजे कार्बन-हायड्रोजनची हलकी माया, कार्बनच्याच पातळ पडद्यावर ती दिसणार कशी? तू आंब्याची कोय मोजलीस. कोय २२ची आहे, त्यात खोट काही नाही.

डीएलएस कण बघतच नाही. लेसर आत जातो, कणांवर आदळून पसरतो, आणि पसरलेला उजेड क्षणाक्षणाला लुकलुकतो, कारण पाण्याचे रेणू कणांना सारखे धक्के देत असतात. लहान कण जास्त धावतो, म्हणून लुकलुक जलद. मोठा जरा सुस्त. तुझा २२चा कण २५ अंशांच्या पाण्यात एका सेकंदात कुठल्याही एका दिशेत सरासरी सहा-सात मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) सरकतो, ८४चा साडेतीनच्या आसपास. यंत्र ही सुस्ती मोजतं आणि आइन्स्टाइनच्या १९०५च्या हिशेबानं उलटं गणित करून सांगतं, 'एवढा सुस्त गोळा असेल तर त्याचा व्यास इतका.' म्हणजे अंगावरचं पीव्हीपी आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणी हे सगळं त्या व्यासात आलं. आंबा सालीसकट, आणि वर गवतातसुद्धा गुंडाळलेला.

पण इथं थांबू नकोस, कारण नुसत्या सालीनं तुझा हिशेब पुरा होत नाही. तू पीव्हीपी के-३० वापरलंयस असं पत्रात आहे. त्याचा रेणुभार ४० हजारांच्या आसपास, आणि पाण्यात त्याचं गुंडाळं साधारण दहा-बारा नॅनोमीटरचं. दोन्ही बाजूंनी तेवढं धरलं तरी २२चे ४५ होतील. ८४ कुठून आले?

कण जेवढा मोठा तेवढा तो जास्त उजेड फेकतो, आणि तोही व्यासाच्या सहाव्या घातानं. हे रॅलेचं गणित. २२च्या पाचपट, म्हणजे ११० नॅनोमीटरचा एक भरीव कण १५,६२५ लहान कणांइतका चमकतो. तुझ्या बाटलीत हजारात एखादाच झुबका झाला असला तरी डीएलएसला आधी तोच दिसणार. वरातीत नवरदेव शंभर माणसांत एक असतो, पण गॅसबत्ती सगळी त्याच्यावर. टीईएमच्या फोटोत तू दोनशे कण मोजले असशील आणि झुबके 'हे वाळताना झाले' म्हणून सोडून दिले असशील. सगळेच सोडतात. काही खरोखर वाळतानाच होतात, पण सगळे नाही. ०.३८ हा पीडीआय तेच सांगतोय. एकसारखे कण असते तर तो ०.१च्या खाली आला असता.

साक्षीदार म्हणून तुझ्या डिपार्टमेंटातलं जुनं यूव्ही-व्हिजिबल यंत्र बघ. कुठल्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला जातो त्याचा आलेख ते काढतं, आणि त्यात सुट्या चांदीचा उंचवटा ४०० नॅनोमीटरच्या जवळपास येतो. झुबके असले की तो बुटका होतो आणि ५००-६००कडं शेपूट निघते. द्रावण पिवळं आहे का मळकट करडं, हे तर डोळ्यांनाही कळतं. ही एक ओळ प्रबंधात घातलीस की गाइडांचा निम्मा राग जाईल.

पुन्हा मोजताना तीन गोष्टी. एक, तपमान. यंत्रात २५ अंश लिहिलंय आणि नमुना मे महिन्याच्या खोलीतून थेट आत गेला, आतून तो ३० अंशांवर आहे, असं झालं तर पाणी पातळ असतं, कण जलद पळतात आणि ८४चे ७४ दिसतात. दोन-चार मिनिटं थांबायला काय जातंय? दोन, पातळ करताना मीठ घालू नकोस. मिठातलं क्लोराइड चांदीला धरतं आणि तुझे कणच बदलतात. कुणी तरी 'थोडं मीठ घाल, रीडिंग चांगलं येतं' असं सांगेल. ते पॉलिस्टायरिनच्या मण्यांसाठी ठीक आहे. तीन, गाळणं. ह्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. बाहेरून एक नमुना आला, पिवळसर. धूळ नको म्हणून मी तो ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सिरिंजनं दाबला. जोर जास्त लागत होता, आणि मी तो लावला. खालच्या क्युव्हेटमध्ये पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उतरलं. मला वाटलं, काय सुंदर काम झालंय! रीडिंग घेतलं, आकडा आला, सही करून रिपोर्ट दिला. आठ दिवसांनी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझाच वापरलेला फिल्टर होता, आमच्या शिपायानं डस्टबिनमधून काढून दिलेला. पांढरा पडदा पिवळा धमक झाला होता. सगळा नमुना मी पडद्यावर ठेवला होता आणि गाळून उरलेल्या पाण्यातल्या कचऱ्याला कण म्हणून सही केली होती. तेव्हापासून गाळण्याआधी आणि गाळल्यावर रंग बघायचा, शक्य असेल तर यूव्हीत दोन्ही घालायचे, आणि जोर लागला की थांबायचं.

प्रबंधात दोन्ही आकडे लिही, आणि प्रत्येकापुढं तो कशाचा ते लिही. २२ हा कोरड्या धातूच्या गाभ्याचा, मोजलेल्या कणांच्या संख्येवरून काढलेला. ८४ हा पाण्यातल्या आवरणासकट कणाचा, चमकेच्या हिशेबातला, झुबके धरून. डीएलएसचं सॉफ्टवेअर 'संख्येनुसार' म्हणून आणखी एक छोटा आकडा देतं, तो टीईएमशी जुळतो म्हणून मुलं आनंदानं छापतात. तो वेगळा मोजलेला नसतो. चमकेच्याच आकड्यावर गणित करून काढलेला असतो, आणि त्या गणितात चूक सहाव्या घातानं वाढते. तो छापू नकोस.

प्रश्न : माझ्या नॅनोकणांचा झीटा पोटेन्शियल (कणांच्या अंगावरच्या विजेचं माप) उणे १२ मिलिव्होल्ट आलाय. ३०च्या आत म्हणजे अस्थिर, असं पुस्तकात आहे. पण बाटली दोन महिने झाली तशीच आहे, तळाला काही नाही. रीडिंग चुकलं का?
– बी.फार्म.चा विद्यार्थी, वारणानगर

उत्तर : बाटलीवर विश्वास ठेव. ३०चा नियम विजेच्या ढकलाढकलीवर टिकणाऱ्या कणांचा. तुझ्या कणांवर पॉलिमरचं आवरण असेल तर दोन कण जवळ आले की साखळ्या एकमेकींत घुसायला नकार देतात आणि कण वेगळे राहतात. तिथं विजेचं काम नाही. आवरण नसेल तर मात्र पुन्हा लिही, आणि पीएच किती होता तेही लिही. पीएच न लिहिलेला झीटा हा गाव न लिहिलेला पत्ता.

प्रश्न : साहेब, मी इचलकरंजीत सायझिंगला, म्हणजे लूमवर जाणाऱ्या धाग्यांना खळ लावायच्या कामाला आहे. खळीसाठी पीव्हीए हे पॉलिमर वापरतो. दोन व्यापाऱ्यांकडनं एकाच ग्रेडची पोती घेतली, दोन्हीवर १७-९९. दुसऱ्या पोत्याची खळ पातळ होती, भोकाच्या कपातून ती गळायला सेकंद कमी भरत होते, म्हणून पोऱ्यानं पावडर वाढवली आणि सेकंद बरोबर केले. तरीपण त्या बीमवर लूमला धागे लई तुटले. व्यापारी रिपोर्ट दाखवतोय, त्यात रेणुभार ७८ हजार लिहिलाय, म्हणतोय माल एक नंबर आहे. दोन पुड्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवतोय.
– एक सायझिंगवाले, इचलकरंजी

उत्तर : दादा, तुमच्या पुड्या मिळाल्या. पावसाळ्यात एकावर एक दोन पिशव्यांत बांधून पाठवल्यात, हे फार बरं केलंत, कारण पीव्हीए हवेतलं पाणी पितं. सगळ्यात आधी दोन्ही पुड्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्या. पहिलीचं वजन ४ टक्के घटलं, दुसरीचं ९. तिथंच पोत्यामागं ५ टक्के पाणी तुम्ही पीव्हीएच्या भावानं घेतलंय. पण त्यानं धागे तुटणार नाहीत, म्हणून पुढं गेलो.

१७-९९चा अर्थ तुम्हाला ठाऊक असेलच, तरी बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. १७ म्हणजे साखळीत सरासरी १,७०० कड्या, ९९ म्हणजे शंभरातल्या ९९ जागी ॲसिटेट काढून टाकलंय. एका कडीचा भार ४४, म्हणजे साखळीचा रेणुभार ७५ हजारांच्या आसपास. ८८चा माल कोमट पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, ९९च्या मालाला ९० अंशांच्या वर शिजवावं लागतं. तुमच्या दोन्ही पुड्या शिजवल्याशिवाय विरघळल्या नाहीत, म्हणजे ९९ खरं दिसतं. प्रश्न १७चा.

आता ती माझी नळी. ऑस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी, एका बाजूला केसासारखं बारीक छिद्र, त्याच्या वर फुगा, फुग्याच्या वर-खाली दोन खुणा. द्रावण वरच्या खुणेपर्यंत ओढायचं, सोडायचं, आणि दोन खुणांमधला वेळ मोजायचा. बाकी काही नाही. नळी काचेच्या बरणीतल्या २५ अंशांच्या पाण्यात उभी. माझी बरणी लोणच्याची आहे, हे संपादकांनी छापू नये. पीव्हीएला फेस फार येतो, म्हणून बाटली हलवायची नाही, हळू गोल फिरवायची. एक बुडबुडा बारीक छिद्रात अडकला की स्टॉपवॉच सरळ फेकून द्यावंसं वाटतं.

नुसतं पाणी उतरायला ११२.४ सेकंद लागले. पहिल्या पुडीचं ०.४ टक्क्याचं द्रावण १६६ सेकंद, दुसरीचं तेवढंच द्रावण १४२. पाण्यापेक्षा किती पट वेळ जास्त लागला त्याला टक्क्यांनी भागायचं. पहिलीला १.१९ येतं, दुसरीला ०.६६. मग हेच ०.२, ०.६ आणि ०.८ टक्क्यांवर करायचं, आलेखावर ठिपके मांडायचे आणि रेघ मागं ओढत शून्य टक्क्यावर न्यायची. शून्यावर का? कारण दाट द्रावणात साखळ्या एकमेकींत अडकतात आणि आपण गर्दी मोजतो. आपल्याला एकटी साखळी पाणी किती अडवते ते हवंय. शून्यावर पहिलीचं उत्तर १.० आलं, दुसरीचं ०.५९.

पीव्हीए आणि पाणी ह्या जोडीसाठी हा आकडा रेणुभाराच्या ०.७६ घातानं वाढतो. म्हणजे साखळी दुप्पट केली की आकडा दुप्पट होत नाही, १.७ पट होतो. हे गणित मार्क आणि हाउविंक ह्यांच्या नावानं ओळखलं जातं. त्यांच्या आधी जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्टॉडिंगरनं सरळ प्रमाण धरलं होतं, ते पुढं बदलावं लागलं. पण १९२० साली, बहुतेक रसायनवाले पॉलिमर म्हणजे लहान रेणूंचा नुसता गोतावळा असं समजत होते तेव्हा, ही खरीखुरी लांब साखळी आहे असं ठासून सांगणारा माणूस तोच. पुढं साखळीची लांबी काढायला त्यानं वापरलं तेही हेच, द्रावणाचा दाटपणा. नोबेल मिळालं १९५३ साली, तोवर त्यानं सत्तरी ओलांडली होती.

तर गणित करून पहिली पुडी बसते ७५ हजारांच्या आसपास, म्हणजे पोत्यावर लिहिलंय तशी. दुसरी ३७ हजारांच्या. कड्या १,७०० नाहीत, ८४० भरतात. निम्म्या.

आता धागे का तुटले ते बघा. दुसऱ्या पोत्याची साखळी आखूड, म्हणून खळ पातळ. पोऱ्यानं पावडर वाढवून सेकंद बरोबर केले. त्याची चूक काही नाही, त्याला सेकंदच बघायला शिकवलंय. कपाला एवढंच कळतं की खळ किती दाट आहे. ती दाटी लांब साखळ्यांमुळं आहे का आखूड साखळ्यांच्या गर्दीमुळं, हे कपाला कळत नाही. धाग्याला कळतं. वाळल्यावर धाग्यावर जो पापुद्रा राहतो त्याची ताकद साखळ्या एकमेकींत किती लांबवर गुंतल्यात त्यावर. आखूड साखळ्यांचा पापुद्रा ठिसूळ, लूमच्या घासणीत तडकतो. जाड थर दिला तर आणखीच तडकतो. खात्री करायची तर दोन्ही खळी काचेवर ओता, रात्रभर वाळू द्या, सकाळी सोलून दोन्ही हातांनी ओढा. मी केलं. पहिला ताणला गेला, दुसरा दुमडतानाच चिरला.

राहता राहिला तो रिपोर्ट. त्यात दोन आकडे आहेत, व्यापाऱ्यानं एकावरच बोट ठेवलं. 'वजनानुसार सरासरी' ७८ हजार आणि 'संख्येनुसार सरासरी' २१ हजार. ह्यातला फरक असा. गंगावेशीतल्या एखाद्या तालमीत नऊ पोरं ५० किलोची आणि एक पैलवान १५० किलोचा आहे असं समजा. साधी सरासरी ६० किलो, ही संख्येची. पण तालमीतल्या एकूण वजनातला कुठलाही एक किलो उचलला आणि 'तू कुणाच्या अंगावरचा?' असं विचारलं तर सरासरी निघते ७५ किलो, कारण पैलवानाच्या अंगावर किलो जास्त. ही वजनाची. पोरं सगळी सारखी असती तर दोन्ही एकच आल्या असत्या. तुमच्या रिपोर्टात ७८ भागिले २१ म्हणजे ३.७. थोडे लांब दोर आणि ढीगभर चिंध्या.

हे आकडे ज्या यंत्रावर निघतात त्याला जीपीसी म्हणतात. नळीत सच्छिद्र मणी भरलेले असतात. छोट्या साखळ्या मण्यांच्या भोकाभोकांत शिरत बसतात, मोठ्या शिरू शकत नाहीत, त्या सरळ निघून जातात. महाद्वार रोडवर पालखी सरळ पुढं जाते आणि आमची मंडळी प्रत्येक बोळात शिरून उशिरा पोहोचतात, तसं. म्हणून मोठी साखळी आधी बाहेर. पण कुठल्या वेळेला किती रेणुभार हे ठरवायला आधी ओळखीचे नमुने सोडून मापपट्टी करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच पॉलिमरची असते. वेगळं पॉलिमर त्याच रेणुभाराला वेगळं फुगतं. १९६७ साली स्ट्रासबर्गच्या बेनवा नावाच्या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोडगा दिला, तो पुन्हा ह्या दाटपणाच्या आकड्यावरच उभा आहे. म्हणून जीपीसीचा रिपोर्ट हातात आला की आधी विचारायचं, मापपट्टी कशाची?

माझ्या नळीचा आकडा दोन्ही सरासऱ्यांच्या मधे पडतो, आणि वजनाच्या बाजूला झुकलेला. रिपोर्ट ह्याच पोत्याचा असता तर मला ६०-७० हजारांच्या घरात काहीतरी मिळायला हवं होतं, ३७ नाही. एक तर मापपट्टी परक्याची, नाहीतर रिपोर्ट परक्या पोत्याचा. फोटो मोठा करून बघितला, लॉट नंबरची जागा कोरी आहे. व्यापाऱ्याला एवढंच विचारा.

पुढच्या वेळेसाठी नळी नको, तुमचा कपच चालेल, फक्त वापर बदला. प्रत्येक लॉटमधली पावडर वाळवून ४ ग्रॅम घ्या, ९६ ग्रॅम पाण्यात शिजवा, उडालेलं पाणी वजनावर परत भरा, नेहमी त्याच तपमानाला थंड करा आणि मग सेकंद मोजा. वहीत लिहून ठेवा. पीव्हीएचा व्यवहार जगभर ४ टक्क्यांच्या दाटपणावरच चालतो. १७च्या मालाला २० अंशांवर तो साधारण २० ते ३० सेंटिपॉइज (दाटपणाचं एकक) असतो, ०५च्या मालाला पाच-सहा. टाकीतल्या खळीवर केलेली परीक्षा खळीची, पोत्याची नव्हे.

प्रश्न : माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. गुळव्या काहिलीत रानभेंडीचा चीक घालायचा आणि मळी वर यायची. मूठभर जास्त घातली की वडील ओरडायचे. भेंडीनं मळी का येते, आणि जास्त घातली तर बिघडतं काय?
– एक गृहिणी, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : ताई, तुमचे वडील कुठल्याही रिपोर्टाशिवाय पॉलिमरचं प्रमाण सांभाळत होते. भेंडीचा चीक म्हणजे साखरेच्याच कड्यांची, पण फार लांब साखळी. उसाच्या रसात माती, मेणाचे कण, प्रथिनं हे सगळं इतकं बारीक तरंगत असतं की आपणहून ना तळाला बसतं ना वर येतं. एक लांब साखळी एका टोकानं एका कणाला चिकटते, दुसऱ्या टोकानं दुसऱ्याला, मधे तिसऱ्याला. कणांची माळ होते, माळांचे पुंजके होतात. चुलवाणाच्या आचेनं रस उसळतो, हवेचे बुडबुडे त्या पुंजक्यांना धरून वर आणतात, आणि गुळव्या झाऱ्यानं मळी काढतो.

चीक जास्त झाला की एकेका कणाला साखळ्या चहूबाजूंनी गुंडाळतात. दुसऱ्याच्या साखळीला चिकटायला मोकळी जागाच उरत नाही. मग कण एकमेकांपासून लांब राहतात आणि मळी काहिलीतच फिरत राहते. वरच्या राजारामपुरीच्या मुलीनं चांदीच्या कणांवर पीव्हीपी चढवलं ते ह्याचसाठी, कण सुटे राहावेत म्हणून. तिला जे हवं होतं ते तुमच्या वडिलांना नको होतं. शिवाय चीक जादा म्हणजे रसाची तारही बिघडते, ढेप नीट बसत नाही, पण ती कहाणी पुन्हा कधी.

आणखी एक. चीक काढताना भेंडी ठेचून पाण्यात नुसती चोळायची, मिक्सरला लावायची नाही. पात्याच्या ओढाताणीत लांब साखळ्या तुटतात आणि माळ ओवायला दोराच उरत नाही. इचलकरंजीच्या दुसऱ्या पोत्याची गत.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. आमच्या शाळेत लेसर पॉइंटर आहे. त्यानं नॅनोकण दिसतील का? माझा मित्र म्हणतोय, दिसणार नाहीत.
– एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : मित्र अर्धा बरोबर आहे. कण दिसणार नाहीत, त्यांनी फेकलेला उजेड दिसेल. पुस्तकातला टिंडल परिणाम तो हाच.

दोन सारखे काचेचे पेले घे. एकात साखरेचं पाणी, नीट गाळलेलं. दुसऱ्यात साधं पाणी आणि साय काढलेल्या दुधाचे दोन थेंब. साय काढायचीच, कारण तिच्यातले तुपाचे गोळे काही मायक्रॉनचे, फार मोठे. आपल्याकडं कट्ट्यावर धार काढून देतात ते म्हशीचं दूध घेतलंस तर दोन थेंबांतच पेला पांढरा होईल. आपल्याला हवेत ते दुधातल्या केसिनचे कण, साधारण १००-२०० नॅनोमीटरचे. खोली अंधारी कर. लेसर आडवा सोड. साखरेच्या पाण्यातून तो जवळजवळ न दिसता जाईल, कारण साखरेचा रेणू एक नॅनोमीटरचा. दुधाच्या पाण्यात लाल रेघ उमटेल.

मग लेसर ठेवून दे आणि पांढरी बॅटरी घे. बाजूनं बघितलंस तर पाणी निळसर दिसेल, बॅटरीच्या समोरून बघितलंस तर पिवळसर. निळा उजेड जास्त पसरतो, लाल सरळ जातो. आणखी दोन-दोन थेंब टाकत जा, समोरचा रंग नारिंगी होत जाईल, आणि एका थेंबानंतर सगळंच पांढरं होईल. किती थेंबांना पांढरं झालं ते लिहून ठेव आणि मला कळव. मित्राला वेगळा पेला दे, वेगळे मोजू दे. दोघांचे थेंब सारखे आले नाहीत तर भांडू नका, आधी ड्रॉपर बघा.

लेसर कुणाच्या डोळ्यांकडं धरायचा नाही, पेल्याच्या काचेवरून उलटून येतो त्याकडंही लक्ष ठेव. उरलेलं दूध पिऊन टाक, पेल्यातलं मात्र नको.